रस्ता खणला आणि शेअर बाजार थांबला: सर्व्हर आणि डिस्क एकमेकांशी काय बोलतात

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी एनएसई या राष्ट्रीय शेअर बाजारातले सगळे व्यवहार थांबले. बाजार रोज दुपारी साडेतीनला बंद होतो. त्या दिवशी साडेतीन वाजले तरी तो पुन्हा सुरूच झाला नव्हता. शेवटी वाढीव वेळ जाहीर झाली आणि पावणेचार ते पाच असा सव्वा तास बाजार चालला. मुंबईचा दुसरा शेअर बाजार, बीएसई, मधल्या काळात चालू होता, पण ज्यांचे सौदे एनएसईवर अडकले होते त्यांच्या जिवाची घालमेल ज्यांनी पाहिली ते अजून तो दिवस विसरलेले नाहीत.

नंतर एनएसईने खुलासा केला. बीकेसीतलं, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातलं, मुख्य डेटा सेंटर आणि जवळचं दुसरं केंद्र यांच्यामध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या केबल-जोडण्या होत्या. वाटेत चाललेल्या खोदकाम-बांधकामामुळे दोन्ही डळमळल्या. त्यानंतर मुख्य केंद्रातली ‘सॅन’ नावाची साठवण यंत्रणा अनपेक्षितपणे वागली आणि सर्व्हरना ती मिळेनाशी झाली. जोखीम तपासणारी यंत्रणाच बंद पडल्यावर सौदे चालू ठेवणं शक्य नव्हतं.

मुंबईत रस्ता खणला जाणं आणि केबल तुटणं कुणालाही समजतं. न समजणारी गोष्ट पुढची आहे. त्या केबलवरून माहितीची फक्त प्रत दुसरीकडे जात होती. मूळ सर्व्हर आणि मूळ डिस्क इथेच होत्या, धडधाकट होत्या. मग प्रत पाठवण्याची वाट बिघडल्यावर मूळ यंत्रणेने का थांबावं? माझ्या रोजच्या कामाचा बराचसा भाग याच प्रश्नाभोवती फिरतो, आणि तो सामान्य वाचकाला कळू शकतो याबद्दल मला शंका नाही. मात्र सुरुवात जरा मुळापासून करावी लागेल.

डिस्कला फाइल ठाऊक नसते

तुम्ही संगणकावर ‘पगारपत्रक’ नावाची फाइल उघडता. डिस्कला त्या नावाशी काही देणंघेणं नसतं. तिच्या लेखी ती म्हणजे सारख्या आकाराच्या खणांची एक लांबलचक रांग. या खणाला ब्लॉक म्हणतात; एका ब्लॉकमध्ये बहुधा ५१२ किंवा ४,०९६ बाइट मावतात. ब्लॉकना शून्यापासून क्रमांक असतात. कुठली फाइल कुठल्या क्रमांकांच्या ब्लॉकमध्ये आहे, याची वही ऑपरेटिंग सिस्टीम ठेवते. डिस्कला फक्त दोन गोष्टी कळतात: अमुक क्रमांकापासून इतके ब्लॉक दे, आणि अमुक क्रमांकापासून इतके ब्लॉक लिहून घे.

पूर्वीच्या मोठ्या ग्रंथालयांत वाचकाला कपाटांपर्यंत जाऊ देत नसत. चिठ्ठीवर क्रमांक लिहायचा, खिडकीवर द्यायची, शिपाई आतून पुस्तक आणून देणार. आत कपाटं कशी मांडलीत, कुठला जिना चढावा लागतो, हे वाचकाला कळत नाही आणि कळायची गरजही नसते. सर्व्हर आणि डिस्क यांच्यातला व्यवहार नेमका असा चालतो. या चिठ्ठीवर काय, कुठे, कसं लिहायचं याचे जे नियम, त्यांना म्हणायचं प्रोटोकॉल.

दहा बाइटांची चिठ्ठी

या चिठ्ठ्यांची सर्वांत टिकाऊ पद्धत म्हणजे स्कझी. शुगार्ट असोसिएट्स या डिस्क बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीत १९७९ च्या सुमारास तिची बीजं पडली आणि १९८६ मध्ये ती अमेरिकेत अधिकृत मानक झाली. त्याआधी संगणकाला डिस्कच्या पोटात शिरावं लागे. कुठली तबकडी, कुठलं वर्तुळ, कुठलं हेड (वाचणारं-लिहिणारं टोक), हे सगळं त्यालाच सांगावं लागे. डिस्क बदलली की हिशेब बदलला. स्कझीने हे ओझं डिस्कवर टाकलं. संगणकाने फक्त क्रमांक सांगायचा, बाकीचं डिस्क पाहील. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. तबकड्या जाऊन चिपवाल्या एसएसडी आल्या तरी स्कझीची चिठ्ठी चालू राहिली, कारण तिच्यात तबकडीचा उल्लेखच नव्हता.

एक खरी चिठ्ठी बघू. वाचण्याची ही कमांड दहा बाइटांची असते:

२८ ०० ०० ०१ ०० ०० ०० ०० ०८ ००

हे आकडे सोळाच्या पायावर लिहिलेत; त्यात ९ च्या पुढे ए, बी अशी अक्षरं येतात. पहिला २८ म्हणजे ‘वाच’. दुसरा बाइट खास सूचनांसाठी, इथे रिकामा. पुढचे चार बाइट, ०० ०१ ०० ००, म्हणजे ब्लॉकचा क्रमांक. आपल्या नेहमीच्या मोजणीत ६५,५३६. मग एक बाइट सोडून ०० ०८, म्हणजे आठ ब्लॉक. शेवटचा बाइट नियंत्रणाचा. थोडक्यात, ‘६५,५३६ व्या क्रमांकापासून आठ ब्लॉक दे’. ५१२ बाइटांचे आठ ब्लॉक म्हणजे ४,०९६ बाइट. लिहिण्याच्या कमांडमध्ये २८ च्या जागी २ए येतो, एवढाच फरक.

क्रमांकाला चारच बाइट असल्याने सुमारे ४२९ कोटी ब्लॉकच्या पुढे या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. ५१२ ने गुणलं की साधारण २.२ टेराबाइट होतात. एवढ्याच मर्यादेमुळे मोठ्या डिस्कसाठी सोळा बाइटांची चिठ्ठी आणावी लागली.

कमांड पाठवली की उत्तर येतं. सगळं ठीक असेल तर ‘झालं’. नाही तर ‘अडचण आहे’, आणि अडचण कोणती याचा तपशील: ब्लॉक खराब आहे, डिस्क अजून तयार नाही, मधल्या काळात माझ्याकडे काहीतरी बदललं आहे, वगैरे. उत्तराचा हा भाग लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

डिस्क सर्व्हरच्या पोटातून बाहेर आली

सुरुवातीला ही चिठ्ठी एका चपट्या केबलवरून जायची. केबल काही मीटरांची, आणि तिच्यावर संगणकाचं कार्ड धरून जेमतेम आठ उपकरणं. एका सर्व्हरची डिस्क भरली आणि शेजारच्याची रिकामी असली तरी ती रिकामी जागा पहिल्याला देता येत नसे. सर्व्हर जळाला तर त्याच्या डिस्क काढून दुसऱ्यात बसवेपर्यंत काम ठप्प.

म्हणून सगळ्या डिस्क एका मोठ्या कपाटात ठेवायच्या आणि शेकडो सर्व्हरना त्या नेटवर्कवरून द्यायच्या, ही कल्पना आली. या नेटवर्कला स्टोरेज एरिया नेटवर्क, म्हणजे सॅन, म्हणतात. कपाटातून प्रत्येक सर्व्हरला त्याच्या वाट्याचा तुकडा कापून दिला जातो. आमच्यात त्याला लन म्हणतात. सर्व्हरला वाटतं ही माझ्या पोटातलीच डिस्क आहे. चिठ्ठी तीच, फक्त आता खिडकी दुसऱ्या खोलीत गेली, दुसऱ्या मजल्यावर गेली, कधी कधी दुसऱ्या इमारतीत गेली.

घरी किंवा ऑफिसात जो ‘शेअर्ड फोल्डर’ असतो तो वेगळा. तिथे फाइल मागितली जाते आणि वही दुसऱ्या टोकाचं यंत्र सांभाळतं. सॅनमध्ये ब्लॉक मागितला जातो आणि वही सर्व्हरकडेच राहते. म्हणूनच एकच लन चुकून दोन सर्व्हरना दिला, तर दोघं आपापल्या वहीप्रमाणे एकमेकांच्या ब्लॉकवर लिहीत सुटतात आणि काही मिनिटांत माहितीचा चिखल होतो. ते टाळायला कोणी कोणाशी बोलायचं हे स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या केबली एकमेकींना जोडणाऱ्या यंत्रावर, आधीच बांधून ठेवतात आणि लन कोणाला दिसावा हे कपाटात ठरवतात. या दोन याद्या कंटाळवाण्या असतात, पण ज्याने त्या मन लावून सांभाळल्या त्याला रात्री झोप लागते.

चिठ्ठी नेणाऱ्या वाटांपैकी दोन मुख्य. पहिली फायबर चॅनल, १९९४ पासूनचं मानक, खास साठवणीसाठी बांधलेलं स्वतंत्र नेटवर्क. घेणाऱ्याकडे जागा आहे हे आधी कळल्याशिवाय पाठवणारा पाठवतच नाही, त्यामुळे गर्दीत चिठ्ठी गळून पडत नाही. बँका, शेअर बाजार, मोठी रुग्णालयं इथेच असतात. डेटा सेंटरमध्ये रॅकच्या मागे फिरोजी रंगाच्या बारीक केबलींचे जुडगे दिसतात. त्यातले बरेचसे हेच काम करतात. प्रत्येक सर्व्हरमधून दोन केबली निघतात आणि दोन पूर्णपणे वेगळ्या स्विचसंचांकडे जातात, म्हणजे एक संच अख्खा बंद पडला तरी दुसऱ्यावरून काम चालतं.

दुसरी वाट आयस्कझी. २००४ मध्ये तिचं इंटरनेट मानक आलं. इथे तीच स्कझी चिठ्ठी इंटरनेटवर चालणाऱ्या नेहमीच्या टीसीपी पॅकेटमध्ये भरून साध्या नेटवर्कवरून पाठवतात. वेगळे महागडे स्विच लागत नाहीत, म्हणून लहान कंपन्या आणि महाविद्यालयं हिच्याकडे वळली.

नकार चालतो, मौन चालत नाही

डिस्कने ‘नाही’ म्हटलं तर सर्व्हरला काय करायचं ते कळतं. दुसऱ्या वाटेने विचारायचं, दुसऱ्या प्रतीतून वाचायचं, नाही तर वापरणाऱ्याला चूक दाखवून थांबायचं. पण उत्तरच आलं नाही तर? चिठ्ठी हरवली, की आत काम चालू आहे, की कपाटच बंद पडलं, हे सर्व्हरला बाहेरून ओळखता येत नाही. लिहिण्याची कमांड असेल तर ते लिहिलं गेलं की नाही हेही सांगता येत नाही.

म्हणून सर्व्हर वाट बघतो. सर्व्हरवर सर्रास चालणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एका स्कझी कमांडसाठी ही मुदत मुळात ३० सेकंद ठेवलेली असते. मग ती कमांड रद्द करण्याचा प्रयत्न, मग पुन्हा पाठवणं, मग पुन्हा वाट बघणं. या काळात जो प्रोग्राम त्या ब्लॉकसाठी थांबलेला असतो तो इतका अडकतो की ‘किल’ हा बंद करण्याचा आदेश देऊनही मरत नाही. सर्व्हरच्या आकडेवारीत एक विचित्र चित्र दिसतं: प्रोसेसर रिकामा बसलाय आणि लोडचा, म्हणजे कामात असलेल्या प्रोग्रामांचा, आकडा मात्र चढतोय, ५०, १५०, ३००. कारण लिनक्स डिस्कसाठी थांबलेल्यांनाही लोडमध्ये धरतो. हे चित्र पाहिलं की अनुभवी माणूस प्रोग्राम तपासायला जात नाही, थेट साठवणीकडे वळतो.

ज्या यंत्रणेने मिलिसेकंदात उत्तर द्यायचं, तिच्यासाठी ३० सेकंद म्हणजे युग. दोन वाटा, दोन स्विच, दोन कपाटं, सगळं जोडीने असूनही यंत्रणा बंद पडते, कारण जोडी कामाला लागायची तर आधी कोणीतरी ‘पहिला गेला’ असं ठामपणे म्हणावं लागतं. अर्धवट जिवंत असलेला भाग हे म्हणू देत नाही. माझ्या मते साठवणीतले सर्वांत वाईट अपघात तुटण्यातून होत नाहीत, ते या अर्धवटपणातून होतात. एनएसईच्या खुलाशातला ‘डळमळीत’ हा भाग म्हणूनच महत्त्वाचा आहे. साफ तुटलेली केबल लगेच ओळखू येते. चालू-बंद, चालू-बंद होणारी केबल सगळ्यांना संभ्रमात ठेवते.

प्रत पाठवणाऱ्या वाटेमुळे मूळ का अडतं?

शेअर बाजारात एकही सौदा हरवून चालत नाही. म्हणून जवळच्या केंद्रात प्रत एकाच वेळी लिहितात. सर्व्हरने ‘लिही’ म्हटलं की कपाट आधी स्वतः लिहितं, तेच दुसऱ्या केंद्राकडे पाठवतं, तिथून ‘झालं’ आलं की मगच सर्व्हरला ‘झालं’ म्हणतं. याचा सरळ अर्थ असा की प्रत पाठवायची वाट ही मूळ लिहिण्याचाच भाग झाली. ती बाजूला राहिलीच नाही.

वाट बंद पडली तर दोनच मार्ग उरतात. लिहिणं थांबवायचं, म्हणजे काही हरवणार नाही पण काम बंद. किंवा एकट्यानेच पुढे जायचं, म्हणजे काम चालू पण त्या काळात दुसरी प्रत नाही. बहुतेक ठिकाणी दुसरा मार्ग आधीच ठरवून ठेवतात. एनएसईच्या म्हणण्याप्रमाणेही जोडण्या गेल्या तरी मुख्य केंद्राचं काम चालू राहायला हवं होतं. पण हा निर्णय त्या क्षणी यंत्राने घ्यायचा असतो, आणि तोही दुसऱ्या टोकाची खबर नसताना. समोरचं केंद्र बंद पडलं की फक्त मधली वाट गेली? दोन्ही केंद्रांनी ‘आता मीच मुख्य’ असं धरलं तर दोन वेगवेगळे हिशेब तयार होतात आणि ते जुळवणं जवळजवळ अशक्य असतं. यासाठी तिसऱ्या जागी एक लहानसा साक्षीदार सर्व्हर ठेवतात. वाद झाला तर त्याचं मत ज्याच्या बाजूने तो चालू राहतो. हा सगळा भाग कपाटातल्या सॉफ्टवेअरमध्ये असतो, तो क्वचितच कामाला येतो, आणि क्वचित चालणाऱ्या कोडमध्येच दोष लपून राहतात.

दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या म्हणजे दोन वाटा झाल्या, हा समजही इथेच तपासायला हवा. बिलं दोन येतात. जमिनीखाली दोन्ही केबली एकाच रस्त्याच्या एकाच कडेने गेल्या असतील तर जेसीबीला त्यात फरक दिसत नाही. नकाशा मागून बघितला पाहिजे.

मग दूर का नाही ठेवत?

ठेवतात. एनएसईचं दूरचं केंद्र चेन्नईत आहे. शेअर बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमांत दूरचं केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंप क्षेत्रात असावं आणि ते जमत नसेल तर किमान ५०० किलोमीटर अंतर राखावं असं आहे. पण चेन्नईत एकाच वेळी लिहिता येत नाही, आणि त्याचं कारण पदार्थविज्ञानात आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका किलोमीटरच्या जाण्यायेण्याला दहा मायक्रोसेकंद. बीकेसीतून ऐरोली-महापेच्या डेटा सेंटर पट्ट्यापर्यंत केबल ३० किलोमीटर धरली, तर ०.३ मिलिसेकंद. चेन्नईपर्यंत १,३०० किलोमीटर धरले, तर १३ मिलिसेकंद. एकामागून एकच करता येतील अशा नोंदी असतील, तर चेन्नईची वाट बघत सेकंदाला जेमतेम ७५ होतील. कितीही पैसे ओतले तरी हा आकडा सुधारत नाही. म्हणून दूरच्या केंद्राकडे प्रत थोडी मागून जाते आणि जवळचं केंद्र लागतंच.

त्या फेब्रुवारीनंतर सेबीने वेळेची मर्यादाही घट्ट केली: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत दूरच्या केंद्रावरून का होईना काम सुरू करायचं. माणसांचं ‘थोडं थांबून बघू’ हेही एक प्रकारचं उत्तर न देणंच होतं. ते या नियमाने कमी झालं.

‘क्लाउडवर गेलं की ही कटकट संपते ना?’

कटकट दुसऱ्याकडे जाते, गोष्ट तीच राहते. ॲमेझॉनने मुंबईत २०१६ मध्ये क्लाउड केंद्रांचा समूह सुरू केला. तिथे तुम्ही आभासी सर्व्हर घेऊन त्याला डिस्क जोडता, तेव्हा ती डिस्क बहुतेक वेळा नेटवर्कच्या पलीकडेच असते. तिच्या प्रती ठेवल्या जातात, पण त्या एकाच झोनच्या, म्हणजे समूहातल्या डेटा सेंटरच्या एका गटाच्या, आत. झोन बंद पडला तर काय, हा प्रश्न तुमचा तुम्हालाच सोडवावा लागतो.

‘दोन ठिकाणी प्रत आहे, मग बॅकअप कशाला?’

हा प्रश्न मला लहान रुग्णालयं आणि सहकारी पतपेढ्यांकडून सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि दर वेळी काळजी वाटते. एकाच वेळी लिहिलेली प्रत चुकीचंही तितक्याच इमानाने लिहिते. कोणी नोंदी पुसल्या, खंडणीवाल्या व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर दुसऱ्या केंद्रातही त्याच क्षणी तेच होतं. कालची, परवाची, गेल्या महिन्याची स्थिती परत मिळवायची तर वेगळा बॅकअप लागतो, आणि त्याची एक तरी प्रत नेटवर्कपासून तोडलेली असावी लागते.

‘१९८६ ची भाषा अजून कशाला?’

ती, म्हणजे स्कझी, आता हळूहळू मागे पडते आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कमध्ये हवा तो ब्लॉक हेडखाली यायलाच सरासरी चार मिलिसेकंद जातात. तेव्हा खिडकीवर किती वेळ गेला याची पर्वा कोणाला नव्हती. एसएसडी आल्या, आतलं काम शंभर मायक्रोसेकंदांत होऊ लागलं आणि खिडकीच अपुरी पडू लागली. घरच्या संगणकांत असणाऱ्या साध्या साटा डिस्कच्या नेहमीच्या पद्धतीत रांग एकच, तिच्यात ३२ कमांड. २०११ मध्ये आलेल्या एनव्हीएमई प्रोटोकॉलमध्ये सुमारे ६५ हजार रांगा आणि प्रत्येकीत जवळजवळ तेवढ्याच कमांड बसू शकतात. त्यामुळे प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्याला स्वतःची रांग मिळते. २०१६ पासून हीच भाषा नेटवर्कवरूनही बोलता येते. वेग वाढला आहे. उत्तर न येण्याचा प्रश्न मात्र इथेही तसाच आहे.

स्वतः करून बघायचं असेल तर

महागडं कपाट लागत नाही. आठ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर लिनक्सची दोन आभासी यंत्रं चालवा. एकावर ‘टार्गेटसीएलआय’ या प्रोग्रामने एक जीबीची साधी फाइल आयस्कझी डिस्क म्हणून खुली करा, दुसऱ्यावर ‘ओपन-आयस्कझी’ने ती जोडा. ‘एसजी-३ युटिल्स’मधल्या कमांडने डिस्कला ‘तू कोण’ विचारा. उत्तरात निर्मात्याच्या आठ अक्षरांच्या जागेत ‘एलआयओ-ओआरजी’ येईल. मग नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारा वायरशार्क हा प्रोग्राम लावून ३२६० क्रमांकाच्या पोर्टवर लक्ष ठेवा आणि वरची २८ ने सुरू होणारी चिठ्ठी शोधा. ती सापडते तेव्हा होणारा आनंद मी अनेक विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

त्यानंतर कॅशला, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्याला, वळसा घालून थेट डिस्कवर लिहिणारी एखादी लांब कॉपी सुरू करा आणि मध्येच नेटवर्क बंद करा. कुठलीही चूक दिसणार नाही. कॉपी नुसती थांबेल. मिनिटभराने नेटवर्क पुन्हा चालू केलंत तर काही झालंच नाही अशी ती पुढे जाईल. सुमारे दोन मिनिटं तसंच ठेवलंत तर चूक येईल, कारण ओपन-आयस्कझीची मुळातली मुदत १२० सेकंद आहे. ती मुदत पाचवर आणून हाच प्रयोग पुन्हा करा. एकच वाट असेल तर १२० बरे, दोन वाटा असतील तर पाच बरे. असं का, ते आधी कागदावर लिहा आणि मग दुसरी वाट जोडून पडताळा.